क्री लेखिकांच्या कादंबऱ्या: 'फाइव्ह लिटल इंडियन्स'नंतर काय वाचावं?

वाचनमैत्रीण:

नमस्कार मंडळी. आम्हा काही जणींचा छोटा वाचनगट आहे. मागच्या वेळी मिशेल गुड यांची 'फाइव्ह लिटल इंडियन्स' घेतली होती. आदिवासी मुलांना घरापासून तोडून जिथे ठेवत, अशा कॅनडातल्या निवासी शाळेत वाढलेली पाच मुलं तिथून सुटून व्हँकूवर शहरात येतात आणि पुढचं सगळं आयुष्य ती शाळा उरावर घेऊन जगतात. वाचून सगळ्याच सुन्न झालो. पण चर्चेची गाडी "किती भोगलं बिचाऱ्यांनी" इथेच अडकली, पुढे सरकेचना. मला ते फार लागलं. त्या पाचांतला केनी शाळेतून पळ काढून जीव मुठीत धरून आईपर्यंत पोचतो आणि समोर पाहतो तर ज्या घरासाठी तो पळाला ते घर उरलेलंच नाही, आई आतून मोडून गेली आहे. या प्रसंगात कीव करण्यापलीकडे बोलण्यासारखं खूप होतं, असं मला अजूनही वाटतं.

तर माझे प्रश्न. क्री, म्हणजे कॅनडातल्या एका आदिवासी समाजातल्या स्त्रियांनी लिहिलेल्या आणखी कोणत्या कादंबऱ्या घ्याव्यात? पूर्वज, जमीन, आपण कोण, या अंगाने जाणाऱ्या हव्या आहेत. आधी इतिहास वाचून घ्यावा का? आणि एक जास्त महत्त्वाचं. आमच्यातली एक जण म्हणते की या सगळ्या पुस्तकांचा साचा ठरलेला असतो: मुलगी शहरात उद्ध्वस्त होते, मग आपल्या जमिनीकडे परत जाते आणि जमीन तिला बरी करते. हे खरं आहे का? मला पटत नाही, पण उत्तर देता आलं नाही.

दत्ता_वाचक:

ताई, मी सुचवतो ते पुस्तक तुमच्या चौकटीत नीट बसत नाही, तरी सुचवतोच. मारिया कॅम्पबेल यांचं 'हाफब्रीड', १९७३ चं. लेखिका मेटी आहेत, म्हणजे आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वारशाच्या समाजातल्या, आणि हे आत्मकथन आहे. पण नंतरच्या कितीतरी लेखिकांसाठी वाट इथूनच सुरू झाली. यात कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातली अशी माणसं आहेत ज्यांच्याकडे जमीनच राहिली नाही. रस्त्यांसाठी राखून ठेवलेल्या सरकारी पट्ट्यांवर झोपड्या बांधून ती राहतात. आणि पणजी आहे, चीचम. तिच्यासाठी तरी एकदा वाचाच.

घ्याल तर २०१९ ची आवृत्ती घ्या. पोलिसाने केलेल्या बलात्काराचा मजकूर मूळ प्रकाशनाच्या वेळी काढून टाकला होता. ती पानं २०१८ मध्ये सापडली आणि या आवृत्तीत परत आली.

सरोवराकाठी:

वाचनमैत्रीण ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी खास लिहायला बसले आहे. मी उत्तर अल्बर्टात, लेसर स्लेव्ह लेक या सरोवराच्या काठच्या एका गावात औषधाच्या दुकानात काम करते. आजूबाजूला क्री वस्त्या आहेत. मी क्री नाही, त्यामुळे त्यांच्या वतीने बोलत नाही. वाचक म्हणून आणि शेजारीण म्हणून जे दिसलं ते सांगते.

तुमच्या मैत्रिणीने सांगितलेला साचा दुरून तसाच दिसतो. जवळ जाऊन वाचलं की लक्षात येतं, या कादंबऱ्यांत जमीन स्वतःच आजारी आहे. परत आलेली मुलगी थकून तिच्या कुशीत शिरायला जाते आणि तिला कळतं की इथेही कोणीतरी लचके तोडले आहेत. मग बरं होणं ही दोघींची गोष्ट होते. जमिनीने हिला सांभाळायचं आणि हिने जमिनीला. एकीला सोडून दुसरी सुधारत नाही. मला या लेखनातली सर्वात मोलाची गोष्ट हीच वाटते, आणि "निसर्गाच्या सान्निध्यात मन शांत झालं" अशा वाचनात नेमकी ती हातातून निसटते.

जेसिका जॉन्स यांची 'बॅड क्री' घ्या (२०२३). लेखिका सकर क्रीक फर्स्ट नेशन या क्री वस्तीच्या, म्हणजे याच सरोवराकाठच्या. कादंबरीतली मॅकेंझी व्हँकूवरमध्ये एकटी राहते. झोपेतून जागी होते तेव्हा तिच्या हातात कावळ्याचं तुटलेलं मुंडकं असतं, स्वप्नातून बाहेर आलेलं. बघता बघता ते नाहीसं होतं. खिडकीबाहेर कावळे जमू लागतात. मेलेल्या बहिणीच्या नावाने फोनवर निरोप येतात. ही मुलगी आजी गेल्यावर घर सोडून निघालेली आहे आणि बहिणीच्या अंत्यविधीलाही गेलेली नाही. अपराधाची ही गाठ बरोबर घेऊन ती हाय प्रेअरी गावी आईकडे, मावश्यांकडे परतते.

परतल्यावर काय सापडतं? तेलाच्या पैशावर फुगलेलं आणि तेल कंपन्या गेल्यावर ओस पडलेलं गाव. खोदून, ओरबाडून ठेवलेला मुलूख. आणि त्याच जखमेवर पोसलेला व्हीटिगो, क्री कथांमधला तो कधीच न भागणाऱ्या भुकेचा जीव. मॅकेंझीला वाटत असतं की अशी स्वप्नं फक्त आपल्यालाच पडतात. हळूहळू कळतं की आईलाही पडायची, मावश्यांनाही पडायची, फक्त कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. घराण्यातल्या बायकांनी गप्प राहून आपापल्या जागी सोसलं आणि त्या मौनातच धोका वाढला. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून त्या एकेक करून बोलायला लागतात, ती पानं मी दोनदा वाचली. भीतीची कादंबरी आहे, पण त्या टेबलापाशी इतकी ऊब आहे की उठावंसं वाटत नाही.

इथे इतिहास थोडा कामाला येतो. कॅनडा सरकार आणि इथले आदिवासी यांच्यातला आठ क्रमांकाचा करार जून १८९९ मध्ये याच सरोवराकाठी झाला. शिकार, मासेमारी पूर्वीसारखी करता येईल असं करारात आहे, पण सोबत अट आहे: वस्ती, खाणी, लाकूडतोड, व्यापार यांसाठी सरकार वेळोवेळी जी जमीन घेईल ती सोडून. ही अट माहीत असली की कादंबरीतल्या ओसाड तेलविहिरी आणि तोडलेलं रान नुसती पार्श्वभूमी राहत नाही. व्हीटिगोची भूक कुठल्या दाराने आत आली ते दिसतं.

याच वाटेवरची दुसरी, ट्रेसी लिंडबर्ग यांची 'बर्डी' (२०१५). लेखिका कायद्याच्या प्राध्यापक आहेत, क्री. बर्निस नावाची धिप्पाड, जखमी बाई ब्रिटिश कोलंबियातल्या गिब्सन्स गावात येते. येण्याचं कारण असं की लहानपणापासून पाहिलेली एक टीव्ही मालिका तिथे चित्रित झाली होती आणि तिच्यातला एक देखणा आदिवासी तरुण तिच्या मनात बसला होता. एका बेकरीच्या वरच्या खोलीत ती पलंगावर पडते आणि उठतच नाही. खाणं बंद, बोलणं बंद. आतल्या आत मागे मागे जात राहते: घरातल्याच पुरुषांनी केलेले अत्याचार, नाहीशी झालेली आई. बाहेर तिची मावशी व्हॅल, नात्यातली बहीण फ्रीडा आणि बेकरीवाली लोला तिच्यापाशी येऊन बसतात. कोणी तिला ओढून उठवत नाही, हे फार लक्षात राहिलं. आणि पलीकडे घराच्या मुलखात पिमातिसेविन नावाचं झाड, जीवनाचं झाड, सुकत चाललेलं असतं. बर्निसचं पडून राहणं आणि त्या झाडाचं सुकणं एकमेकांशी जोडलेलं आहे. शेवटी ती उठते ती रांधायला. कोणासाठी, ते वाचताना कळू द्या.

'बर्डी'ची घडण अवघड आहे. काळ मागेपुढे होतो, स्वप्न आणि जाग यांची सरमिसळ आहे. सुरुवातीच्या पन्नासेक पानांत गोंधळायला झालं तरी सोडू नका.

नदीपल्याड:

सरोवराकाठी ताईंच्या मुद्द्याला पूरक म्हणून पूर्वेकडची एक कादंबरी. आपल्याकडे क्री म्हटलं की माळरान डोळ्यासमोर येतं, पण क्री मुलूख थेट क्वेबेकपर्यंत, जेम्स बेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरला आहे. तिथले लोक त्याला ईयू इस्तची म्हणतात.

व्हर्जिनिया पेसेमापेओ बोर्दलो या क्री-मेटी लेखिका, चित्रकारही आहेत. फ्रेंचमध्ये लिहितात. 'उर्स ब्ल्यू' ही त्यांची कादंबरी २००७ मध्ये आली, इंग्रजी अनुवाद 'ब्लू बेअर वुमन' २०१९ मध्ये. नायिका आपल्या आईकडच्या माणसांच्या शोधात उत्तरेला जेम्स बेच्या मुलखात जाते. दोन पिढ्यांपूर्वी शिकारीला गेलेला एक नातलग परतलाच नव्हता. त्याच्या अस्थी रानात कुठेतरी पडून आहेत, आणि ते रान धरणाच्या पाण्याखाली जायचं आहे. म्हणजे पूर्वजांचा शोध म्हणून आपण जे हळुवारपणे बोलतो, त्याला इथे मुदत आहे. पाणी चढायच्या आत सापडले तर सापडले.

मी स्थापत्य अभियंता. धरणांवर काम केलं आहे, त्यामुळे ही कादंबरी मला झोंबली. प्रकल्पाच्या अहवालात बुडीत क्षेत्राचा आकडा असतो, त्यात कोणाची शिकारीची वाट होती, कोण कुठे पुरला आहे, हे नसतं. क्वेबेक प्रांताच्या मुख्यमंत्र्यांनी १९७१ मध्ये जेम्स बे धरणप्रकल्प जाहीर केला तेव्हा तिथल्या क्री लोकांना विचारलंही नव्हतं. ते कोर्टात गेले. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यायाधीशांनी काम थांबवायचा आदेश दिला आणि आठवड्याभरातच वरच्या कोर्टाने तो उठवला. १९७५ मध्ये करार झाला. पाणी भरल्यावर जमिनीतला पारा माशांत उतरला, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्यावर पोट चाललं ते खाणंच जपून खायची वेळ आली. पुढे २००२ च्या करारानंतर रूपर्ट नदीचं पाणी वळवायचं ठरलं आणि २००९ मध्ये ते वळवलं. कादंबरी छापून आली तेव्हा ते व्हायचं होतं. हे ध्यानात ठेवून वाचली की नायिकेची घाई पोटात जाणवते.

जमीन बरी करते का, असा तुमचा प्रश्न होता ना? इथे तर जमीनच उरणार नाही. तरी नायिका जाते, कारण निरोप द्यायलाही समोर जावं लागतं.

वाचनमैत्रीण:

खूप खूप आभार सगळ्यांचे. सरोवराकाठी ताई, जमीन स्वतःच आजारी आहे हा धागा धरून 'फाइव्ह लिटल इंडियन्स'कडे पुन्हा पाहिलं तर केनीच्या आईचं घर वेगळंच दिसायला लागलं. मुलं नेली की मागे राहिलेली वस्तीही आजारी पडते.

आणखी एक विचारते. गटात कोणीतरी म्हणालं, मिशेल गुड क्री आहेत पण कादंबरी घडते ब्रिटिश कोलंबियात. मग ही क्री कादंबरी कशी? आणि मुळात कोणाला क्री म्हणायचं, रक्ताने की कागदाने?

सरोवराकाठी:

मिशेल गुड सस्कॅचवानच्या रेड फेझंट क्री नेशनच्या. त्यांची आई निवासी शाळेतून गेलेली, आणि त्या स्वतः वकील म्हणून अशा शाळांतून वाचलेल्या लोकांचे खटले लढल्या आहेत. या शाळांत दीड लाखाच्या आसपास मुलं गेली, वेगवेगळ्या आदिवासी राष्ट्रांची. कादंबरीतली पाच मुलंही वेगवेगळ्या ठिकाणची आहेत. तेव्हा ही एका क्री बाईने त्या सगळ्यांसाठी लिहिलेली कादंबरी आहे, असं मी म्हणेन, आणि गटाने तिला कोणत्या खणात ठेवायचं यावर वेळ घालवू नये.

रक्त की कागद, हा प्रश्न मात्र वेळ देण्यासारखा आहे. आधी कागदाचं सांगते, कारण तो क्री लोकांनी बनवलेला नाही. १८७६ चा इंडियन अ‍ॅक्ट. त्यानुसार 'इंडियन' कोण हे ओटावातलं सरकार ठरवायचं. एखाद्या नोंद असलेल्या बाईने नोंद नसलेल्या पुरुषाशी लग्न केलं की तिची नोंद रद्द व्हायची, तिच्या मुलांचीही जायची. राखीव वस्तीत राहायचा हक्क संपायचा. पुरुषाने बाहेरच्या बाईशी लग्न केलं तर मात्र त्याचं काही जायचं नाही, उलट त्या बाईला नोंद मिळायची. १९८५ मध्ये हे बदललं, तेही अर्धवट. सलग दोन पिढ्यांनी बाहेर लग्न केलं की पुढच्या पिढीची नोंद होत नाही. म्हणजे आजी क्री, आई क्री, आणि नात कागदावर कोणीच नाही. या कादंबऱ्यांत आज्या, मावश्या इतक्या ठाण मांडून का बसलेल्या असतात, याचं एक कारण मला यात दिसतं. कायद्याने बायकांच्या बाजूने नातं तोडलं, आणि लेखिका ते बायकांच्याच बाजूने सांधतात.

आता रक्ताचं. आमच्या गावच्या वाचनालयात 'बॅड क्री' दर्शनी ठेवली होती. माझ्या दुकानात नेहमी येणारी एक वृद्ध क्री बाई तिथे भेटली. तिने पुस्तक उचललं, मुखपृष्ठाकडे नजरही न टाकता थेट मागचं पान उघडलं आणि लेखिकेच्या परिचयात कोणत्या वस्तीचं नाव आहे ते बोट ठेवून वाचलं. मान हलवली. मग पुस्तक पालथं करून मुखपृष्ठ पाहिलं. मीही पहिल्यांदा भेटले होते तेव्हा तिने मला नोकरी वगैरे काही विचारलं नव्हतं. तुझी माणसं कुठली, हेच विचारलं होतं. तिच्या लेखी कोणीतरी पूर्वज क्री होता एवढ्याने भागत नाही. तुला कोण ओळखतं, तू कोणाची, कोणत्या जागेची, हे सांगता यायला हवं.

आणि ते सांगता न येण्याचं दुःख वाचायचं असेल तर लिसा बर्ड-विल्सन यांची 'प्रॉबेब्ली रूबी' घ्या (२०२१). लेखिका मेटी आणि क्री, सस्कॅचवानच्या. रूबी ही गोऱ्या जोडप्याने दत्तक घेतलेली मुलगी. एका काळात कॅनडात हजारो आदिवासी मुलं घरातून काढून गोऱ्या कुटुंबांत दिली गेली. सस्कॅचवान सरकारने तर १९६७ मध्ये त्यासाठी योजनाच काढली आणि मुलांचे फोटो घालून वर्तमानपत्रांत, टीव्हीवर जाहिराती केल्या. अशा घरात वाढलेल्या रूबीकडे मोठी, भूक असलेली, हसरी, चुका करणारी सगळी माणुसकी आहे, फक्त आपली माणसं कोण हे माहीत नाही. प्रकरणं काळाच्या क्रमाने येत नाहीत. प्रत्येकात कोणीतरी वेगळं माणूस, वेगळं साल. तुटलेल्या कुटुंबाची हकिकत सलग सांगताच येणार नाही, हे ती रचना न बोलता पटवते. मला ही कादंबरी सर्वात जवळची वाटते. वाचनगटांत फार कमी वाचली जाते, म्हणून आग्रहाने सांगते.

इतिहासाचं म्हणाल तर आधी जाडजूड काही वाचू नका. कादंबरी वाचताना जिथे अडेल तिथे थांबून शोधा. आधी इतिहास वाचून गेलं की माणसं उदाहरणं वाटायला लागतात.

दत्ता_वाचक:

एक भर. गट दुःखाने दमला असेल तर डॉन ड्युमॉन्ट यांची 'नोबडी क्राइज अ‍ॅट बिंगो' मध्ये घाला. सस्कॅचवानमधल्या ओकनीज वस्तीच्या, मंचावर विनोदी कार्यक्रम करणाऱ्या बाई आहेत. राखीव वस्तीतलं बालपण, भावंडं, शाळा. भरपूर हसवते, आणि क्री घरात हसणं किती असतं ते कळतं. ते कळल्याशिवाय बाकीची पुस्तकं अर्धीच वाचल्यासारखी होतात.

वाचनमैत्रीण:

यादीत टाकली! 'बॅड क्री'ने सुरुवात करतोय, मग 'प्रॉबेब्ली रूबी'. एक शेवटचं: व्हीटिगोबद्दल गटात कसं बोलावं? मला भीती आहे की गप्पा भुताखेतांच्या गोष्टींवर घसरतील.

सरोवराकाठी:

घसरू द्यायच्या नाहीत, आणि त्याला सोपा उपाय आहे. तो खरा की खोटा, यात शिरू नका. कादंबरीत तो केव्हा केव्हा जवळ येतो तेवढं टिपा. मी वाचताना पेन्सिलने खुणा करत गेले. मॅकेंझी एकटी असते, काहीतरी लपवत असते, मावश्यांपासून दूर असते, तेव्हा तो जवळ असतो. कादंबरीत येणाऱ्या तळ्याकाठच्या जागेशी त्याचा काय संबंध आहे, तिथे आधी काय काय घडलं आहे, हे प्रत्येकीने आपापलं शोधून आणायला सांगा. इथले काही लोक हिवाळ्याखेरीज एरवी अशा गोष्टी सांगत नाहीत, हेही गटात सांगून ठेवा, म्हणजे बोलण्याचा सूर आपोआप जपून राहील.

आणि मावश्यांवर वेगळा वेळ ठेवा. माझ्या मते व्हीटिगोपेक्षा जास्त बोलण्यासारखं त्यांच्याबद्दल आहे.